तांदळात रुतलेली काठी

विठ्ठलवाडीतल्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत आईला टेकून उर्वी बसली होती. सहावीतली पोर, पण मधुमेह जडलेला. रोज इन्सुलिन टोचल्याशिवाय भागत नसे. विश्रामबाबा तिला बरं करणार असं कळलं, तशा तिच्या विज्ञानाच्या कल्पिता टीचर शाळेतून थेट इकडे आल्या.

बाबांच्या पुढ्यात अरुंद गळ्याचा, तांदळाने भरलेला तांब्या होता. त्यांनी उर्वीच्या आईला, शिवानीला, त्यात लाकडी काठी खोचून उचलायला सांगितलं. काठी सुळकन बाहेर आली. तांब्या जागच्या जागी.

"बघ माऊली, रोग चिवट आहे! काठी धरत नाही. आता त्याचा बाप येईल वर!"

मंत्र सुरू झाले. मंत्राच्या ठेक्यावर बाबा तांब्या जमिनीवर आपटत, मूठभर तांदूळ वाढवत, काठी खुपसत, काढत, पुन्हा खुपसत. शेवटी काठी उचलली तर अख्खा तांब्या तिला लटकून अधांतरी! हॉल जयजयकाराने दणाणला. शिवानीच्या डोळ्यांना धार लागली.

"रोग वर आला! आजपासून सुई बंद."

"अहो, हे घर्षण आहे!" टीचर ओरडल्या.

"ओ मॅडम, शाळा उद्या घ्या," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी वर्गात बल आणि गतीचाच धडा चालू होता. टीचरांनी तांब्या आणला. तांदूळ सैल असले की काठी निसटते. आपटून, खुपसून ठासले की दाणे तिला चहूबाजूंनी दाबून धरतात. त्या पकडीचं बल तांब्याच्या वजनाला पुरून उरतं. प्रत्येक मुलाने तांब्या उचलला. उर्वीनेही. पोर फिकट दिसत होती, सारखी पाणी पीत होती.

संध्याकाळी टीचरांनी तोच प्रयोग तिच्या घरी केला. शिवानीने काठी धरून तांब्या स्वतः उचलून बघितला.

"तुम्ही ठासून उचललात, टीचर. बाबांनी मंत्राने उचलला. दिसायला सारखंच दिसणार."

"अहो, पण इंजेक्शन..."

"दंड, पोट, मांड्या, टोचायला जागा उरली नाही हो. रडते ती. तुमच्या सायन्सनं कधी बरी होईल, तेवढं सांगा."

'जन्मभर' हा शब्द टीचरांच्या ओठांवर येईना. खाली उतरून त्यांनी उर्वीच्या डॉक्टरांना सगळं कळवलं. डॉक्टरांनी लगेच घरी फोन केला, तर वडिलांनी, सुशांतनी, तो कापला.

तिसऱ्या दिवशी उर्वी शाळेत आली नाही. रात्रभर उलट्या, धाप, मग शुद्धच हरपली. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून कल्याणच्या हॉस्पिटलात नेली. सलाईनमधून इन्सुलिन गेलं, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले. टीचर बाहेर बाकावर बसून होत्या. अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे जाता येत नव्हतं, आणि गेल्या असत्या तरी करणार काय होत्या?

शिवानी धावत बाहेर आली. "वाचली, टीचर! बाबांची कृपा!"

टीचर बाकावरून उठल्या. "आता सुई चालू ठेवाल ना?"

"बाबांना विचारते."

टीचरांनी हात जोडले. "विचारा. पण आत पोर बेशुद्ध होती, तेव्हा ती शुद्धीवर कशाने आली, हे आधी आतल्या नर्सला विचारा, मग स्वतःला विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत, शिवानीताई, सुई थांबवू नका."