दीड मीटरवरचा गाल

स्टोअरच्या खिडकीशी फोटोमावशी त्या महिन्यात चौथ्यांदा येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा आतल्या साहेबांनी मानही वर केली नाही.

"लेन्स का?"

"लेन्सच."

"ताई, नवीन दिली ना तुम्हाला? चोवीसपासून एकशेपाचपर्यंत सगळे आकडे आहेत तिच्यात. जुनीत काय होतं? नुसतं एकशेपाच. एक देऊन एवढे मिळाले, तरी तुमचं रडगाणं चालूच."

"मला एकच हवाय."

"लोक झूमसाठी जीव टाकतात."

"त्यांना टाकू दे. मला आज अकराच्या आत जुनी लेन्स पाहिजे. एका तासासाठी द्या, परत आणून देते."

साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "जमा झालेली वस्तू बाहेर काढायला अर्ज लागतो. आणि तसला अर्ज अजून छापलेला नाही."

ते थट्टा करत असते तर मावशींना बरं वाटलं असतं. पण ते अगदी मनापासून बोलत होते.

मावशी या इस्पितळात बावीस वर्षं फोटो काढत होत्या. त्यांचे फोटो भिंतीवर लावायचे नसत, ते शेजारी शेजारी ठेवायचे असत. भाजलेला हात जानेवारीत कसा होता आणि जूनमध्ये कसा आहे, वाकडा जबडा किती सरळ झाला, हे डॉक्टर त्या फोटोंवरून ठरवत. मग दोन्ही फोटो अगदी एकसारखे काढलेले हवेत. जुन्या लेन्सचं त्यासाठीच बरं होतं. ती प्राइम लेन्स, म्हणजे एकाच आकड्याची. तिच्यात माणूस मोठा दिसायला हवा असेल तर आपण पुढे जायचं, लहान हवा असेल तर मागे. फिरवायला काही नाही, म्हणून चुकायलाही फारसं काही नाही. मावशींनी फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीने दोन पावलं आखली होती, पेशंटच्या स्टुलापासून बरोबर दीड मीटरवर. बावीस वर्षं त्यांनी त्या पावलांवर पाय ठेवून फोटो काढले.

दीड महिन्यापूर्वी नवी झूम आली आणि जुनी लेन्स जमा करून घेतली गेली. त्याच आठवड्यात स्टोअरने एक लोखंडी कपाट "दोन दिवसांसाठी" म्हणून फोटोच्या खोलीत आणून ठेवलं, ते नेमकं त्या पांढऱ्या पावलांवर. मावशींनी तीन वेळा सांगितलं, दोन वेळा लिहून दिलं. कपाट हललं नाही. मग गर्दीच्या एका दिवशी त्यांनी वैतागून कपाटाच्या अलीकडे उभं राहून झूमची कडी फिरवली. चौकटीत चेहरा नीट बसला. काम झालं. दुसऱ्या दिवशीही झालं.

आणि आज सकाळी खारीचं पान उघडलं.

खार म्हणजे नऊ वर्षांची एक मुलगी. तिच्या डाव्या गालात रक्तवाहिन्यांची मऊ गाठ होती. पहिल्याच दिवशी तिने मावशींना सांगून टाकलं होतं, "मी खार आहे. गालात बदाम ठेवलाय. कुणाला देणार नाही." तेव्हापासून सगळे तिला खारच म्हणत. आठ महिने तिला इंजेक्शनं चालू होती. रडली की गाठ फुगायची, शांत झाली की उतरायची, त्यामुळे टेप लावून मोजायची सोय नव्हती. सगळी भिस्त दर महिन्याच्या फोटोवर. मोठे सर्जन महिन्यातून एकदाच, मंगळवारी येत. त्यांनी मागच्या फोटोखाली लिहून ठेवलं होतं : गाठ वाढली आहे. इंजेक्शनं बंद. शस्त्रक्रियेची तारीख द्यावी.

मावशींनी तो फोटो पाहिला. तिरका, डावा गाल कॅमेऱ्याकडे. गाल खरंच टम्म दिसत होता. मग त्यांची नजर खाली कॉम्प्युटरने नोंदलेल्या आकड्याकडे गेली. एकशेपाच नव्हे, पस्तीस. आकडा जितका लहान, तितकं चेहरा चौकटीत भरायला जवळ जावं लागतं. म्हणजे त्या खारीच्या इतक्या जवळ उभ्या होत्या, की हात लांब केला असता तर गालाला लागला असता. गाठ वाढलीच नव्हती कदाचित. जवळ आली होती.

शस्त्रक्रियेत गालातली हसण्याची नस दुखावण्याची भीती होती. तसं झालं तर पोरीला जन्मभर अर्ध्या तोंडाने हसावं लागलं असतं.

स्टोअरच्या खिडकीवरून त्या तडक सर्जनच्या खोलीकडे गेल्या. ते दारातच भेटले, हातात फायलींचा गठ्ठा.

"डॉक्टर, त्या गालाच्या गाठीच्या मुलीचा मागचा फोटो धरू नका. चुकीचा आहे. नव्या लेन्सने..."

"पुन्हा लेन्स?" ते चालत राहिले. "ताई, मी गेल्या खेपेलाही हेच ऐकलं. कपाटाचंही ऐकलं. तुमच्या आणि स्टोअरच्या भांडणात माझा पेशंट नको."

"भांडण नाही हो हे. गाल..."

"गाल मला दिसतोय. अकरा वाजता मी त्यांना तारीख देणार आहे."

दार लागलं. मावशी तिथेच उभ्या राहिल्या. दीड महिना त्यांनी ज्याच्या त्याच्या कानाशी जाऊन कुरकुर केली होती. आता खरं सांगायची वेळ आली, तर तेही कुरकुरीतच जमा झालं. आणि खरं काय होतं? लेन्स स्टोअरने बदलली, कपाट स्टोअरने ठेवलं, हे कबूल. पण पुढे पाऊल कुणी टाकलं? कडी कुणी फिरवली? घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाकावर खार आणि तिचे बाबा बसले होते. बाबा बस चालवत, आज ड्यूटी बदलून आले होते.

"दादा, जरा चला माझ्याबरोबर. एक कपाट ढकलायचंय."

"आत्ता?"

"आत्ताच."

कपाटात जुनी कागदपत्रं ठासून भरलेली होती. दोघांनी खांदा लावला, कपाट बोटभरही सरकलं नाही. मग बाबांनी खालचे दोन खण रिकामे केले, खार गठ्ठे उचलून भिंतीशी रचत गेली. "मावशी, हे कुणाचे कागद?" "कुणाचेच नाहीत, म्हणून तर इथे ठेवलेत." शेवटी कपाट किंचाळत बाजूला झालं. फरशीवर धुळीखाली पांढरी पावलं होती, कडांना मळलेली पण जागच्या जागी.

मावशींनी झूम शेवटच्या टोकापर्यंत, एकशेपाचवर फिरवली आणि कडी हलू नये म्हणून तिच्याभोवती चिकटपट्टीचे तीन वेढे घातले. असं त्यांना पहिल्याच दिवशी करता आलं असतं. तेव्हा डोक्यात राग होता, त्यामुळे सुचलं नाही.

"आता खरं सांग," स्टुलावर बसलेली खार म्हणाली. "माझा बदाम मोठा झालाय ना? बाबा सांगत नाहीत, पण काल ते गप्प जेवले."

बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मावशी तिच्यासमोर बसल्या. मुलांना खोटं सांगितलं की मुलं पुढचं काहीच ऐकत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

"मला माहीत नाही. ते शोधायचंय. आधी मूठ वळ, आणि माझ्याकडे लांब कर. अशी."

त्यांनी लेन्सच्या पट्ट्या सोडल्या, पस्तीसवर आणून जवळून एक फोटो काढला. पुन्हा एकशेपाचवर नेऊन पट्ट्या गुंडाळल्या, पावलांवर उभं राहून दुसरा काढला. दोन्ही पडद्यावर शेजारी लावले.

खार पुढे वाकली. "याच्यात माझी मूठ डोक्यापेक्षा मोठी आहे."

"आणि याच्यात?"

"मुठीएवढीच." तिने एका फोटोवरून दुसऱ्या फोटोवर बोट नेलं. "पण मूठ तर तीच आहे. मग... जे कॅमेऱ्याच्या जवळ असतं ते जास्तच मोठं दिसतं. आणि लांबून काढलं की सगळंच साधारण सारखं लांब असतं."

"शाब्बास. मोठ्या माणसांना हे सांगायला मला दीड महिना पुरला नाही."

"तू मुठीचं दाखवलं होतंस का त्यांना?"

मावशींनी पडद्यावरच्या मुठीकडे पाहिलं. नव्हतं दाखवलं. नुसत्या चिडल्या होत्या.

मग त्यांनी गालाचे फोटो काढले, एक जवळून, एक पावलांवरून, पाच मिनिटांच्या आत. अकराला पाच कमी असताना तिघं सर्जनच्या खोलीत शिरली. मावशींनी कुणी बसा म्हणायच्या आत बोलायला सुरुवात केली.

"डॉक्टर, मागचा फोटो मी चुकीच्या जागेवरून काढला. चूक लेन्सची नाही, माझी आहे. तसं मी फायलीत लिहून सही करते. हे दोन्ही फोटो आत्ताचे आहेत."

सर्जनने पडद्याकडे पाहिलं. एकात गाल टम्म, एकात नाही. "हे दोन्ही आजचे?"

"पाच मिनिटांत बदाम वाढत नसतो," खार म्हणाली. "मावशी जवळ आली होती. मुठीचा फोटो बघा, म्हणजे कळेल."

बाबांनी तिचा दंड दाबला, पण सर्जनने मुठीचेही फोटो पाहिले. मग त्यांनी आठ महिन्यांपूर्वीचा पहिला फोटो काढून आजच्या पावलांवरच्या फोटोशेजारी ठेवला. पेन्सिलीच्या टोकाने गालाची कड धरून ते दोनदा या फोटोवरून त्या फोटोवर गेले.

"उतरलीय," ते शेवटी म्हणाले. "थोडी, पण उतरलीय. इंजेक्शनं चालू ठेवू. तारखेचं चार महिन्यांनी बघू."

बाबा खुर्चीवर बसले. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. खार डॉक्टरांकडे बघून हसली, दोन्ही बाजूंनी, जरा वाकडं, पण तिचं हसू मुळातच तसं होतं.

मावशी निघाल्या, तेव्हा सर्जनने मागून हाक मारली. "ताई, बघा बरं. नव्या लेन्सनेही काम झालंच की. मी स्टोअरला सांगतो, जुनी आता मोडीत काढा म्हणून. तुमचाही ताप गेला."

मावशी दारात थांबल्या. बावीस वर्षांची लेन्स त्यांनी आत्ता स्वतःच्या हाताने घालवली होती. झूम पट्टीने बांधली की चालते, हे त्यांनीच सिद्ध करून दाखवलं होतं. आता ती पट्टी रोज तपासायची, कुणी सोडली तर पुन्हा गुंडाळायची.

"डॉक्टर," त्या इतकंच म्हणाल्या, "दुपारपर्यंत आणखी कुणाला तारीख देऊ नका."

फोटोच्या खोलीत कागदांचे गठ्ठे भिंतीशी तसेच पडले होते. मावशींनी दार लोटलं, खुर्ची ओढली आणि गेल्या दीड महिन्याचे फोटो उघडले. दोनशे अकरा होते. पहिल्याखालचा आकडा होता बेचाळीस. दुसऱ्याखाली पस्तीस. तिसऱ्याखाली पन्नास. त्यांनी वही घेतली, वर 'फोटोला पुन्हा बोलवायचे' असं लिहिलं आणि खाली पहिलं नाव लिहिलं.