एक उखळ, दोन नाताळ

मी एक जुनं ओकच्या लाकडाचं उखळ आहे, मित्रांनो, आणि मला संताप आलेला आहे. गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

आज युक्रेनमध्ये असलेल्या वोल्हिन प्रांतातल्या आमच्या गावात पोलिश लुद्विकासाठी मला कोरलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी खसखस-मध घातलेली गव्हाची खीर लागते. त्यासाठी गहू माझ्यात कांडायचे. युक्रेनी शेजाऱ्यांनाही तीच खीर लागे, पण त्यांचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे दोनेक आठवड्यांनी यायचा. म्हणून दोन घरांत मी एकटंच पुरायचं. "ने गं बाई उखळ, नाहीतर तुझा नवरा माझ्या नावानं बोंबलेल!" लुद्विका कुंपणावरून शेजारणीला ओरडायची.

मग दुसरं महायुद्ध आलं. एका उन्हाळ्यात याच गावातली युक्रेनी माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. लुद्विकाला मारलं, घर जाळलं. तिचा एक मुलगा तेवढा निसटला. मी तेव्हा शेजारणीकडे होतं, म्हणून वाचलं. पुढे पोलिशांनी सूड म्हणून पलीकडचं युक्रेनी गाव पेटवलं. तिथली पोरंबाळंही मेलीच. आता दोन्हीकडचे कुणाची जास्त मेली यावर भांडतात. लाज कशी वाटत नाही!

लुद्विकाच्या त्या निसटलेल्या मुलाची लेक बोझेना दरवर्षी पोलंडहून यायची. "आजीला कुठं पुरलंय, एवढंच सांगा." गाव खांदे उडवायचं. दोन्ही देशांचे साहेब लोक यायचे, मिठ्या मारायचे, फोटो काढून जायचे. समेट म्हणे! डोंबल तुमचं!

एकदा ती डिसेंबरात आली. शेजारणीची मुलगी मोत्र्या, आता म्हातारी झालेली, अंगणात गहू कांडत होती.

"मावशी, तुमचा नाताळ तर लांब आहे. आज कशाला?"

मोत्र्याचा हात थांबला. "ही खीर तुझ्या आजीसाठी. मेलेल्यांसाठी ठेवतात ना, तशी एक वाटी दरवर्षी तुमच्या सणाला त्या नासपतीच्या झाडाखाली ठेवते. तिथंच आहे ती. माझ्या आईनं पुरलं तिला."

"आणि मी इतकी वर्षं विचारत होते तेव्हा?"

"भ्याले गं. मारणाऱ्यांची पोरं माझ्याच गल्लीत राहतात."

"भ्यालात? माझा बाप वाट बघत मेला!"

बोझेनानं मुसळ हिसकावलं आणि असे घाव घातले की वाटलं, आता मी उभं तडकतं. मोत्र्या रडत नुसती गहू सारत राहिली. खीर शिजल्यावर दोघी वाटी घेऊन झाडाखाली गेल्या. माफी कुणी मागितली नाही, दिलीही नाही.

मित्रांनो, मला तेल चोळून संग्रहालयात मांडू नका. तुमच्या गावात कुणी कुणाला पुरलं असेल, तर आधी जागा दाखवा. मिठ्या मग मारा.