काउंटरखालच्या डब्यातला चुरा

मी बोलतोय, पण जरा अडखळत, कारण माझं झाकण फार घट्ट आहे. चमच्याचा दांडा घालून उचकटल्याशिवाय ते निघत नाही, आणि निघतं तेव्हा असा काही आवाज करतं की शेजारी उभा असलेला माणूस दचकतो. तर मी एक पत्र्याचा गोल डबा. एका बाजूला पोचा आलाय. दुसऱ्या बाजूला कोकोच्या शेंगेचं चित्र आहे, त्यातली अर्धी शेंग घासून घासून गेली.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, वळवला, सांधला आणि मी उभा राहिलो. माझे चारशे भाऊ रांगेत उभे होते आणि सगळ्यांच्या अंगावर तीच शेंग. कोण थोरला, कोण धाकटा, कुणी सांगावं! पोटात कोको भरून मी एका बेकरीत आलो. कोको संपल्यावर डब्याचं काय होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याबरोबर आलेले दोघे भाऊ भंगारात गेले. मी राहिलो तो या झाकणामुळे.

बेकरी नवराबायकोची. तो भट्टीपाशी, ती काउंटरवर. त्याला सगळे मास्तर म्हणतात. तो कधी शाळेत शिकवायला नव्हता, पण ट्रेमध्ये कुकीज अशा मांडतो की जणू मुलं प्रार्थनेला उभी आहेत. एखादी वाकडी दिसली की तिला बोटानं सरळ करतो. त्यामुळे त्याच्या बायकोचं नाव आपोआपच मास्तरीणबाई पडलं.

ट्रेमधून काढताना फुटणाऱ्या चॉकलेट कुकीज माझ्या पोटात यायच्या. तुकडे, कडा, बारीक चुरा, सगळं. आणि मी काउंटरच्या खाली, कागदी पिशव्यांच्या गठ्ठ्यामागे.

“अहो, हा डबा भरला. वर ठेवू का? नेतील लोक,” मास्तरीणबाई दर दोन महिन्यांनी विचारायची.

“फुटका माल काउंटरवर दिसला तर बेकरीची अब्रू जाईल.”

“आणि तो असाच तुमच्या पोटात जात राहिला तर पँटचं बटण जाईल.”

मास्तर ऐकल्या न ऐकल्यासारखं करायचा आणि चहाबरोबर मूठभर तुकडे काढून न्यायचा. अशी माझी सहा वर्षं गेली. तक्रार नव्हती, पण आपण लपवून ठेवायची वस्तू आहोत हे रोज कळत राहिलं की पत्र्यालाही थोडं लागतंच.

एका मंगळवारी दुपारी एक शिवणकाम करणारी बाई आत आली. मापाची टेप गळ्यात तशीच राहिली होती आणि पदराला दोन टाचण्या टोचलेल्या होत्या.

“चॉकलेट कुकीजचा तयार चुरा मिळेल का हो? पाकिटातून येतो तो,” तिनं विचारलं. “चीजकेकच्या तळाला लागतो. चार दुकानं पालथी घातली. एक म्हणाला, यायचाच बंद झाला. दुसऱ्यानं पावाचा चुरा पुढे केला आणि म्हणाला, यात कोको घाला, कुणाला कळणार आहे!”

“चुरा?” मास्तर आतून गरजला. “आमच्याकडे सगळं अख्खं असतं!”

मी तिच्या चपलेपासून हातभर अंतरावर होतो. पोटात दोन किलो चुरा! ओरडावंसं वाटलं, पण डब्याला ओरडता येत असतं तर आणखी काय हवं होतं?

मास्तरीणबाईनं तिला स्टूल दिलं. स्टूल मिळालं की माणसं मोकळं बोलतात, हे मी काउंटरखालून खूपदा पाहिलंय.

“माझ्या दादाचं लग्न आहे शनिवारी,” शिवणवाली म्हणाली. “त्रेपन्नाव्या वर्षी. पोस्टमन आहे तो. दवाखान्यात रक्त तपासतात ना, तिथल्या बाईंशी जमलं. आई गेल्यापासून वीस वर्षं आम्ही दोघंच घरात. त्या पहिल्यांदा घरी आल्या तर मी काय बोलावं? म्हटलं, ‘दादाला सांभाळायला मी आहे की. तुम्ही कशाला त्रास घेता?’ तोंडावर!”

“अगं बाई! मग?”

“त्या हसल्या. दादा हसला नाही. आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आता लग्नानंतर तो त्यांच्याकडे राहायला जाणार, गावाच्या दुसऱ्या टोकाला. रविवारी दोघं पहिल्यांदा जेवायला येतायत. त्यांना चीजकेक आवडतो, काळ्या कुरकुरीत तळाचा. मला माफी मागायला जमत नाही हो. म्हटलं, केक तरी नीट जमावा. तोही बिघडला तर दादा पुन्हा घरी कधी येईल कोण जाणे.”

आत भट्टीचं दार उघडल्याचा आवाज झाला. मग मास्तर नुकत्याच निघालेल्या दोन डझन कुकीज खोक्यात घालून बाहेर आला. वर रिबीनही बांधली होती.

“अख्ख्या न्या. ताज्या आहेत. घरी चुरा करा,” तो म्हणाला. “असं माणूस येणार तर त्याला पहिल्या प्रतीचं द्यावं.”

मला कळत होतं काय होणार ते. ताजी कुकी मधे मऊ असते. तिचा चुरा होत नाही. मास्तरला भट्टीतलं सगळं कळतं, पण त्यानं जन्मात कधी स्वतःची कुकी मुद्दाम फोडली नव्हती.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ती दारात उभी.

“चुरा कसला, लगदा झाला. लाटणं फिरवलं तर सगळं एकसंध पसरलं. काज-बटण केलं असतं तर सदरा म्हणून खपला असता. मग क्रीमची बिस्किटं आणली, तर तळातून बटर गळायला लागलं. उद्या लग्न, माझ्या हातात आजचाच दिवस उरलाय.”

“माझ्या कुकीजचा लगदा?” मास्तरचा चेहरा पडला.

“ताज्या होत्या म्हणूनच झाला,” मास्तरीणबाई म्हणाली. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, वाकली आणि मला कानाला धरून ओढावं तसं बाहेर ओढलं.

“तो नको! परक्या माणसासमोर काढतेस?”

“तीस वर्षं तुम्हाला परक्यांसमोर काढतेच आहे ना?”

झाकण उघडलं. शिवणवाली दचकली. मग तिनं एक तुकडा उचलून दोन बोटांत दाबला. कुर्रर. कोरडा, खमंग, पावडर होऊन तळहातावर पडला. तो ठेवायच्या आधीच वाळला होता आणि घट्ट झाकणामुळे सादळलाही नव्हता.

“अहो, हेच! हेच मी चार दुकानांत शोधत होते!”

त्या क्षणी सहा वर्षांचा अंधार माझ्या अंगावरून उतरला. मास्तर स्टूल ओढून माझ्यापाशी बसला आणि एकेक तुकडा निवडायला लागला. बदामाचे बाजूला, साधे बाजूला.

“बदाम आले की तळाला भोकं पडतील,” तो मान वर न करता म्हणाला. “आणि कुणी विचारलं तर फुटका माल आमच्याकडचा, असं सांगायचं नाही.”

तिनं मला डब्यासकट घरी नेलं. स्वयंपाकघर लहान, खिडकीपाशी शिवणयंत्र, आणि दोनच माणसांपुरती भांडी. तिनं तुकडे कापडी पिशवीत घातले, वरून लाटणं फिरवलं, चाळलं, वितळलेलं बटर कालवलं. तळ सुटा होणाऱ्या साच्यात ते ओतून पेल्याच्या बुडानं दाबत दाबत बसवलं. शिलाईच्या कडेवरून बोट फिरवावं तसं साच्याच्या कडेनं तिनं बोट फिरवलं. तळ भाजून निवला, तेव्हा तिनं त्यावर नखानं टकटक केलं आणि एकटीच हसली. मग वर क्रीम चीजचं मिश्रण ओतून केक भाजला, गार केला. उरलेला चुरा परत माझ्यात आला.

रविवारी संध्याकाळी दोघं आली. मी टेबलावरच होतो. पोस्टमनदादा नव्या बुटात अवघडलेला. वहिनी ठेंगणी, मोठ्या हसण्याची. जेवताना सगळे हवापाण्यावर बोलत होते. म्हणजे कुणीच काही बोलत नव्हतं.

मग केक आला. सुरी खाली गेली आणि तळाशी कुर्रर झालं. वहिनीनं आधी तळच तोडून तोंडात टाकला. डोळे मिटले.

“हा चुरा कुठे मिळाला? मी गावभर शोधते!”

“ते सांगायचं नाही असं ठरलंय.”

“सांगा, नाहीतर रक्त घ्यायची सुई काढेन,” वहिनी म्हणाली.

दादा खो खो हसला. बऱ्याच दिवसांनी या घरात असं हसणं ऐकू आलं असावं, कारण शिवणवालीचा हात सुरीवरच थांबला.

“वहिनी,” ती एकदम म्हणाली, “त्या दिवशी मी जे बोलले ना... ते चुकलं माझं. मला भीती वाटली होती. घर रिकामं होईल याची.”

बोलली! केकनं बोलायचं ते ती स्वतःच बोलली. मी ऐकत होतो, माझा पत्रा गरम झाल्यासारखा वाटला.

वहिनीनं घास गिळायची घाई केली नाही. मग म्हणाली, “मला काही आठवत नाही. आणि आठवत असलं तरी तोंडात केक आहे, भांडता येणार नाही.” तिनं मला जवळ ओढलं, आत डोकावली. “ताई, हा डबा मी नेते. पुढच्या रविवारी हा चुरा घेऊन मी तुमच्याकडेच येणार. तळ तुम्ही दाबायचा, मला शिकायचाय.”

“आणि मी काय करू?” दादानं विचारलं.

“तू डबा उचल,” दोघी एकदम म्हणाल्या.

तेव्हापासून मी दोन घरांमध्ये ये-जा करतो. मधे कधी रिकामा झालो की मास्तरकडे जाऊन भरून येतो. तो अजूनही मागच्या दारानं भरतो, पण बदाम मात्र न चुकता निवडतो. ज्या कुणाला दुकानात चुरा मिळत नसेल, त्यानं निराश होऊ नये. जवळच्या बेकरीत जावं आणि अख्ख्यांऐवजी फुटक्यांची चौकशी करावी. पहिल्यांदा नाही म्हणतील. स्टूल मागून घ्यावं.

मला आता निघायला हवं. आज रविवार आहे, आणि पोस्टमनदादा खाली हाका मारतोय. त्याच्या टपालाच्या पिशवीत पत्रांची जागा आज माझी आहे.