डासवाल्याची पिशवी

"शेवटचा कोण?"

अर्सेनिओने मान वळवली. हातात रिकामी बाटली घेतलेली एक बाई त्यालाच विचारत होती. तो बिचारा बंद दुकानाच्या पायरीवर दम खायला टेकला होता. पायाशी बाजाराची नायलॉनची पिशवी, तिच्या तोंडाशी कांद्याच्या पातीची जुडी. एवढंच. पण टंचाईच्या मातान्सास गावात बंद दुकानाच्या दाराशी कोणी पिशवी घेऊन थांबलं, म्हणजे तिथे काहीतरी येणार असतं.

"मीच शेवटचा," तो म्हणाला. पन्नाशी उलटली तरी जिभेची खोड गेली नव्हती.

बाई मागे उभी राहिली. तिच्यामागे एक टकलू आला. मग भांडत भांडत दोघी बहिणी.

"काय येतंय हो?" टकलूने विचारलं.

"कोंबडी."

"कोण म्हणालं?"

"हे काय, पुढचे."

"बाई, मी तोंडसुद्धा उघडलं नाही!" अर्सेनिओ म्हणाला.

"बघा, लपवतोय मेला! म्हणजे कोंबडीच."

तेवढ्यात थोरल्या बहिणीने पिशवी हलवून पाहिली. "पात कुठे मिळाली? आणि खाली काय आहे एवढं जड?"

खाली दोन मोज्यांत गुंडाळलेला कॅमेरा आणि भिंग होतं. अर्सेनिओ ताडकन उठला. "माझा नंबर धरा, आलोच," म्हणत त्याने काढता पाय घेतला. वळणावरून पाहिलं, तर रांग पार औषधाच्या दुकानापर्यंत गेली होती. हसून हसून त्याचं पोट दुखलं. मग आठवलं, की ही पिशवीसुद्धा बाद.

त्याची स्वतःची फोटोग्राफरची बॅग होती की. काळी, चकचकीत, भरपूर कप्प्यांची. तिच्यावर चोरांचा डोळा होता, पण खरी पंचाईत वेगळीच होती. ती बॅग अख्खी गल्ली ओळखायची. शनिवारी ती एखाद्याचा जिना चढली, तर त्या घरात मुलगी पंधरा वर्षांची झाली, नाच आणि केक. आठवड्याच्या मधल्या वारी चढली, तर पासपोर्टचे फोटो. म्हणजे कोणीतरी देश सोडून चाललं. क्लोतिल्दे आजीच्या घरी ती बॅग दोनदा मधल्या वारी आली होती, आणि आजीचे दोन्ही मुलगे गेले होते.

आता नात चालली होती. यानेलिस.

"आजीला अजून सांगितलं नाही," ती म्हणाली होती. "जीभच उचलत नाही. पण तिच्याबरोबर एक फोटो हवाय, अर्सेनिओकाका. मामा गेले तेव्हाच्या फोटोंत बघा, मयताला बसल्यासारखी बसलीय. मला हसणारी आजी न्यायचीय."

"फोनवर काढ की."

"फोन हरवतात. मला भिंतीवर लावायचाय. आणि तुमची ती बॅग तिला दिसली, तर संपलंच."

म्हणून हा शोध. आधी त्याने मेव्हण्याची चामड्याची ऑफिसबॅग घेऊन पाहिली. पहिल्याच जिन्यात दोघांनी घेरलं, "साहेब, आमच्या गळक्या छपराचं काय झालं?" मग ही पातीची पिशवी, तिने कोंबडीची रांग लावली. अर्सेनिओला आता भलतंच कुतूहल वाटायला लागलं. चौकातल्या बाकावर बसून तो लोकांच्या नजरा न्याहाळू लागला. मंडळी आधी पिशवी बघत, मग माणूस. पिशवी फुगलेली असली, तर माणूस बघतच नसत. या गावात कोणाच्या नजरेत न भरणारी पिशवी आहे तरी कुठली?

आणि समोरून रेम्बेर्तो आला. आरोग्यखात्याचा डासवाला, घरोघरी साठल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधणारा. खांद्यावर खाकी कापडाची मळकी पिशवी. तो गल्लीत शिरला मात्र, पटापट दारं लागली. चालू रेडिओ बंद पडले. एका खिडकीतून आवाज आला, "घरात कोणी नाही!"

अर्सेनिओचे डोळे चमकले. लोकांच्या नजरेतून निसटणं सोडा, या पिशवीपुढे लोक स्वतःच गायब होत होते!

"रेम्बेर्तो, जुनी पिशवी आहे का रे एखादी?"

"आहे, फाटकी. कशाला?"

"प्रेमपत्रं ठेवायला."

"तुला कोण लिहितंय, थेरड्या!"

अर्ध्या पुड्या कॉफीवर सौदा पटला. अर्सेनिओने आतून जुन्या गोधडीचं अस्तर शिवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. कोपऱ्यावरच्या टोळक्याने त्याला पाहून तोंड फिरवलं. सख्ख्या मेव्हणीने दार लावून घेतलं. त्याला तर शीळ घालावीशी वाटली.

क्लोतिल्दे आजीने स्वतःच दार उघडलं. अर्सेनिओ चड्डीत फिरायचा, तेव्हापासून ती त्याला ओळखत होती.

"आजी, डासांची तपासणी."

तिने पिशवीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या नातीकडे पाहिलं.

"नोकरी बदललीस?"

"फोटोंवर कुठे पोट भरतं आता!"

"बरं केलंस. चल, टाकी गच्चीवर आहे."

तो शिडी चढला. खालून आजीचा हुकूम सुरू झाला. "आत वाक! अजून! त्या कोपऱ्यात हात घाल. सरकारचा पगार खातोस, नीट बघ!" मग न्हाणीतली बादली, मोरीखालचं मडकं, कुंड्यांच्या बशा. कपाटावर पाण्याचे पाच ग्लास मांडलेले होते. "त्यांना हात लावायचा नाही. ते माझ्या घरच्या मेलेल्या माणसांच्या नावाने भरलेत. तू कपाटामागे घुस." तो घुसला.

बाहेर आला, तेव्हा कोपरापर्यंत ओला झाला होता आणि मिशीत कोळ्याचं जाळं लोंबत होतं. आणि आजी? तिने निळा झगा घातला होता. कानांत मोती होते. झुलती खुर्ची खिडकीपाशी आली होती, जिथे उजेड चांगला पडत होता.

"डास सापडला?"

"नाही, आजी."

"मग काढ तो कॅमेरा बाहेर. पिशवी झकास शोधलीस हो. पण डासवाला पिशवी अशी पोटाशी धरून शिडी चढत नाही. तान्हं बाळ असल्यासारखी."

यानेलिसचा चेहरा उतरला. "आजी, मी तुला सांगणारच..."

"तू इथे बस. केस सारखे कर. बोलायला रात्र पडलीय. आत्ता मला या गाढवाची मिशी बघू दे."

आणि आजी हसली. आधी कुजकं, मग खळखळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नातही हसायला लागली. अर्सेनिओने भिंगातून पाहिलं, आजीने नातीचं मनगट धरलं होतं. बोटं पांढरीफटक पडली होती. त्याने कॅमेरा जरासा वर उचलला. हात चौकटीबाहेर राहिले. मग त्याने बटण दाबलं.

तो कॅमेरा मोज्यात घालत होता, तेवढ्यात खालून पाववाल्याची आरोळी आली. आजी उठली, डोळे पुसले आणि दोरीला बांधलेली टोपली खिडकीतून खाली सोडली.

"नेहमीसारखे दोघींचे दोनच ना, आजी?" पाववाला ओरडला.

"दोनच," आजी म्हणाली. "कमी करायचे झाले, की मी सांगेन."