आशाबाई म्हणेल तेव्हा

मानेवरची गाठ काढायची होती. ऑपरेशन लहान, भूल तेवढ्या जागेपुरती. नर्स आशाबाईनं स्पिरिटच्या औषधानं मान पुसली, वर हिरवी चादर टाकली. नाकाला ऑक्सिजनची नळी होतीच. डॉक्टर भार्गवांनी विजेचा चटका देऊन रक्त थांबवायची ती लेखणी मागितली. मी चादर सारून उठून बसलो.

"काका, झोपा! आता सगळं पुन्हा पुसावं लागेल," भार्गव ओरडले.

"पुसा. अन् यावेळी वाळू द्या."

दीड वर्षापूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात माझ्या बायकोची, सुभद्राची, अशीच गाठ काढायला घेतली होती. औषध मानेखाली साचलेलं, चादरीखाली ऑक्सिजन कोंडलेला, त्यात ठिणगी पडली. अकरा दिवस जगली. मला म्हणाले, अचानक घडलं. मावला गावाजवळच्या जिनिंग मिलमध्ये मी एकोणतीस वर्षं काढली. कापसाला आग अचानक लागत नाही, आपण लागू देतो.

"पुसून तीन मिनिटं झाली होती," भार्गव म्हणाले.

"घड्याळ कोणी पाह्यलं?"

आशाबाईनं भार्गवांकडे पाहिलं.

"आमच्या मिलमदी वेल्डिंगवाला सोता 'सुरू' म्हणत नाही. जिनं खालचा कापूस झाडला ती बाई म्हणते. तिच्याबिगर मालकालाबी ठिणगी पाडता येत नाही. इथं पुसलं आशाबाईनं. तिले विचारा."

"इथं सर्जन मी आहे."

"असान. मान माही आहे."

"मग नागपूरला जा."

"काऊन जाऊ? जात नाही, झोपतबी नाही. पुढचा पेशंट माह्या मांडीवर झोपवा."

आशाबाईला हसू आलं, तिनं ते मास्कमध्ये दाबलं. भार्गव तिच्यावर खेकसले, "बघ बाई, अन् संपव हे."

तिनं माझ्या मानेला हात लावला. मान वाळली होती. मग तिनं खालच्या फडक्यावर हात फिरवला आणि थांबली.

"साहेब, खालून ओलं आहे."

भार्गवांनी फडकं ओढून नाकाशी नेलं. मग म्हणाले, "बदला."

भूल देणाऱ्या प्रतिभा मॅडमनी विचारलं, "दम लागतो का?" मी नाही म्हटलं. त्यांनी ऑक्सिजन बंद केला आणि पाण्याचं भांडं टेबलाजवळ ठेवलं. पुन्हा पुसलं. या वेळी घड्याळाकडे सगळेच बघत होते. आशाबाईनं वरून, खालून हात फिरवला.

"करा सुरू."

मग मी झोपलो.

पट्टी बांधताना भार्गव म्हणाले, "झालं समाधान?"

"नाही. माह्यामागं कोण आहे?"

"बोथ गावची एक बाई."

"तिच्या वेळीबी विचारा. मी दाराशी बसून राहतो."

"घरी जा, काका."

गेलो नाही. ताठ मान घेऊन बाकावर बसलो. त्या बाईचा नवरा शेजारीच होता. थोड्या वेळानं आतून आशाबाईचा आवाज आला, चांगला मोठ्यानं.

"नाही साहेब. अजून नाही."