आठवं टोक

"तू आपले सरळ चौकोन शिव, सुभद्रे. चांदणी मी करून देतो."

हे फोनवर बोलणारी जमुना म्हणजे सुभद्राची मोठी जाऊ, अकोटला राहणारी. घरात कोणाचंही बाळ असो, मधोमध तुकड्यांची चांदणी शिवलेलं दुपटं जमुनाच्याच हातचं आणि बारशाला कौतुकही तिचंच. सुभद्रानं आजवर हे निमूट ऐकून घेतलं होतं. पण या खेपेला तिची स्वतःची लेक, रागिणी, बाळंतपणाला दर्यापूरला आली होती. पहिल्या नातवंडाचं दुपटंही जावेनंच शिवायचं, तर मग आजी व्हायचं तरी कशाला?

"चांदणी मीच करीन, बाई. वाकडी झाली त वाकडी."

"लोक हासतीन."

"लोकायले कुठी त्याच्यात निजाचं हाये?"

बोलून तर बसली. पण आठ तिरपे तुकडे कापायचे आणि त्यांची टोकं मधोमध एका जागी मिळवायची, हे काम सोपं नव्हतं. सुभद्राला जन्मभर सवय होती ती कापड टरकावून सरळ तुकडे काढायची. तिरपं कापलेलं कापड शिवता शिवता ताणलं गेलं आणि चांदणी मध्ये पुरीसारखी फुगली. तिनं उसवून पुन्हा शिवली, ती पुन्हा फुगली. रागिणीला हसू आवरेना. सुभद्राला मात्र खरंच रडू आलं, आणि रडू आल्याचा राग त्याहून जास्त आला.

त्यातच एका भाच्याबरोबर अकोटहून जमुनाची चांदणी आली. न मागता. एकेक टोक अणकुचीदार, मध्ये कुठे सुरकुती नाही. सुभद्रा कितीतरी वेळ ती मांडीवर घेऊन बसली होती.

"हेच लाव ना, आई. कोन पायते?"

"मी पायतो ना."

तिनं उठून सुती लुगड्याला करतात तशी खळ केली. रागिणीच्या लहानपणीच्या फ्रॉकचं उरलंसुरलं कापड त्यात बुडवलं, वाळवलं आणि इस्त्री फिरवून कडक केलं. आता ते ताणलं जाईना. चांदणी सपाट बसली. एक टोक तेवढं शिवणीत गेलं आणि भोथरं राहिलं. उसवायला तिनं कात्री उचलली आणि परत ठेवून दिली. सात टोकं तिची होती, तसं आठवंही तिचंच होतं.

बारशाला जमुना आली आणि थेट पाळण्यावर वाकली.

"हे टोक खाल्लं तुनं."

"हो."

"मंग माही चांदणी कुठी हाये?"

सुभद्रानं नातीच्या अंगाखालचं दुपटं हातानं सारखं केलं.

"अंदरच्या थरात भरली, बाई. पोरीले ऊब पाह्यजे न. वर माही हाये."