बाई आल्या!

पाय मोडल्यामुळे विज्ञानाच्या बाई महिनाभर घरात एकट्याच अडकल्या होत्या. वर्गातली मुलं प्रयोगाची नोंद एकाच ऑनलाइन पानावर मिळून लिहीत होती. बाईंनी घरून ते पान उघडलं. बी का रुजलं नाही, यावरून तिथे हमरीतुमरी चालली होती, मध्येच थट्टाही. बाईंना राहवलं नाही. त्यांनी लिहिलं, "छान चाललंय रे!"

"बाई आल्या!" कुणीतरी टाइप केलं आणि सगळं चिडीचूप झालं. पानावर लिहिताना सरकणाऱ्या, मुलांच्या नावांच्या रंगीत खुणा जागच्या जागी थिजल्या. बाईंनी जरा वाट पाहिली, मग मुकाट्याने पान बंद केलं.

दुपारी त्यांनी ते पुन्हा उघडलं. नोंद पूर्ण झाली होती, भांडण पुसलेलं होतं, पानावर कुणीच नव्हतं. रिकाम्या खोलीत बाई मोठ्याने म्हणाल्या, "शाब्बास!"